न चाखलेलं सारण

"तोंड उघड, नर्सबाई," सासूबाई म्हणाल्या.

त्यांच्या हातातल्या चमच्यात लिंबाएवढा सारणाचा गोळा होता. दुसऱ्या हातानं त्या पदरानं नाक पुसत होत्या. नाक लालबुंद, डोळे पाणावलेले, आवाज घोगरा. नोकरीच्या सहा वर्षांत शेकडो रोग्यांना मी तोंड उघडायला लावलं होतं, पण मला कोणी लावलं नव्हतं.

"मी?"

"दुसरं कोण हाय इथं? चव बघ आणि सांग. सहाच्या आत टर्की भट्टीवर गेली पायजे."

हे १९७४ सालच्या चोवीस डिसेंबरचं, दुपारी तीनच्या सुमाराचं. लग्न होऊन मला सात महिने झाले होते आणि वसईतल्या त्या घरात सासूबाईंनी स्वतःहून मला चुलीजवळ बोलावण्याची ती पहिलीच वेळ होती. तरीही मी तोंड उघडलं नाही.

मी मूळची नगरची, रणभिस्यांची सगुणा. आमचं घराणं मिशनच्या चर्चमधलं, म्हणजे प्रोटेस्टंट. मुंबईच्या एका हॉस्पिटलात मी नर्स होते. तिथं बावतीस तुस्कानो नावाचा वसईचा एक मास्तर पाय मोडून सहा आठवडे माझ्या वॉर्डात पडला आणि पाय बरा झाल्यावरही उगाच लंगडत दर रविवारी यायला लागला. त्याच्या घरचे पक्के कॅथलिक. बिशपांची परवानगी, दोन्हीकडची रडारड, सगळं यथासांग झालं आणि आमचं लग्न लागलं.

सासूबाई, उर्सुला त्यांचं नाव, वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर मी भांडून मोकळी झाले असते. त्या माझ्याशी फार चांगल्या वागायच्या. मला पहिलं ताट, मला चांगला पाट, मला माशाचा मधला तुकडा. पाहुण्याला द्यावं तसं सगळं. आणि पाहुण्याला कोणी चुलीपाशी जाऊ देत नाही. मागच्या पडवीत बसून मी कांदे चिरायचे, मासे साफ करायचे, विहिरीचं पाणी भरायचे. पण मसाल्याच्या बरणीला हात लावायला गेले की सासूबाई म्हणायच्या, "राहू दे. तुझ्या हाताला औषधाचा वास येतो." नोकरी सोडून सात महिने झाले होते. कसला वास येणार होता?

मला त्या घरात वेगळी चूल नको होती. त्यांच्याच चुलीपाशी उभं राहायला हातभर जागा हवी होती. ती मिळत नव्हती, आणि त्याचं मला फार वाईट वाटायचं.

आता त्या टर्कीविषयी सांगायला हवं. सासूबाईंची आई वांद्र्याला एका साहेबाच्या बंगल्यावर स्वयंपाकाला होती. टर्कीच्या पोटात सारण भरून ती अख्खी भाजायची हे ती तिथं शिकली, आणि साहेब मायदेशी गेल्यावर ती कृती वसईला घेऊन आली. मडमेचं फिकं सारण तिनं आपल्या पद्धतीनं इतकं बदललं, की मडमेनं ते खाल्लं असतं तर घटाघट पाणीच प्यायली असती. मात्र या सारणाला एक अट होती. नाताळच्या आदल्या दिवशी कडक उपास, कोरा चहा आणि पेजेखेरीज काही नाही. चर्चमधला मध्यरात्रीचा मिस्सा होईपर्यंत मांसाचा कण जिभेला लागता कामा नये, आणि सारण तर त्याच दिवशी करायचं. म्हणजे करणारीनं ते न चाखता करायचं.

त्या माउलीला दोन मुली. थोरली रुफिना, धाकटी उर्सुला. कृती खरं तर थोरलीला मिळायची. पण एका नाताळात रुफिना गालात सारणाचा घास दडवून उभी असलेली आईला सापडली. आईनं तिथल्या तिथं निकाल लावला: जी चाखत नाही, तिला कृती. तेव्हापासून सत्तावीस वर्षं सासूबाई न चाखता सारण करत होत्या आणि सत्तावीस वर्षं रुफिनामावशी नाताळच्या दिवशी जेवायला येऊन त्यात काय चुकलं ते सांगत होत्या. गावात सासूबाईंचं नाव त्या सारणावर होतं. लोक म्हणायचे, उर्सुला नुसत्या वासावर मीठ ओळखते. दरवर्षी सारण झालं की त्या दार लावून घ्यायच्या, आत एकट्याच वास घ्यायच्या, आणि बाहेर येऊन म्हणायच्या, "झालं."

हा उपास चर्चनं केव्हाच सैल केला होता. फादर स्वतः घरी येऊन सांगून गेले. सासूबाईंनी त्यांना चहा दिला आणि म्हणाल्या, "नियम तुमचा सैल झाला फादर, माझा नाय."

आणि यंदा नेमकी त्यांना सर्दी झाली होती. नाक असं गच्च बंद की डोक्याला बाम चोळला तरी पत्ता नाही. मी तीन दिवस वाफ घ्या, वाफ घ्या म्हणून मागे लागले होते, पण नर्सचं ऐकतील तर त्या सासूबाई कसल्या. आता घर उपाशी, गाव उपाशी, नाक बंद. अख्ख्या आळीत ज्याला उपासाचं बंधन नाही असं एकच तोंड होतं, ते माझं.

अडचण एवढीच होती की तेही तोंड सकाळपासून उपाशी होतं.

सकाळी सगळ्यांनी कोरा चहा घेतला होता आणि सासूबाईंनी माझ्यापुढे दोन अंडी आणि पाव ठेवले. "खा. तुमच्यात चालतं ना." अगदी प्रेमानं म्हणाल्या. मी बशी घेऊन मागच्या पडवीत गेले आणि अंडी, पाव आमच्या टायगर कुत्र्याला घातले. दुपारी सगळ्यांना पातळ पेज, मला भात आणि बोंबलांचं कालवण. तेही टायगरला. त्याचा नाताळ एक दिवस आधीच सुरू झाला होता. मला त्या दिवशी पाहुणीसारखं जेवायचं नव्हतं, घरातल्यासारखं उपाशी राहायचं होतं. कोणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर कौतुक झालं असतं, आणि तेही पाहुणीचंच झालं असतं.

आता चमचा ओठांपर्यंत आला होता. नाही म्हणावं, तर मिळालेली हातभर जागा गेली. उपास आहे म्हणावं, तर वाटणार ही मिरवते आहे, वर सारणाचं काय ते तसंच राहणार. मी पटकन चमचा हातात घेतला.

"इथं अंधार आहे आई. उजेडात बघते."

"चव बघायला उजेड लागतो?"

"आम्हाला तसंच शिकवलंय."

मी खिडकीपाशी गेले, त्यांच्याकडे पाठ केली, चमचा तोंडाजवळ नेला आणि गोळा बोटानं अलगद खिडकीबाहेर ढकलला. खाली टायगर होताच. मग मी तोंड हलवायला लागले. सावकाश, विचार करत, डोळे मिटून. पोटात कावळे ओरडत होते आणि नाकाशी त्या सारणाचा असा वास होता की तो गोळा टायगरच्या तोंडातून परत काढून घ्यावासा वाटला.

"काय?" सासूबाई म्हणाल्या.

"थांबा. जिभेवर बसू दे."

"बसलं?"

"बसलं. आता सांगा, आत काय काय घातलंय?"

सासूबाईंनी नाक पुसायचं थांबवलं. "तुला काय करायचंय?"

"रोग्याला काय खाल्लं ते विचारल्याशिवाय डॉक्टर औषध देतो का? काय घातलंय ते कळल्याशिवाय काय कमी पडलंय ते मी कसं सांगू?"

हे मला ऐन वेळी सुचलं. खरं तर मला अंदाज बांधायला काहीतरी हवं होतं. पण बोलून गेल्यावर लक्षात आलं की सत्तावीस वर्षं कोणाला न सांगितलेली कृती मी त्यांच्याकडे मागत होते. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग खिडकीकडे बघितलं, मग पुन्हा माझ्याकडे. मला वाटलं, आता हाकलतात.

त्यांनी जाऊन दार लावून घेतलं.

"शिळे पाव," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "टर्कीच्या पाण्यात भिजवून पिळलेले. सोळा."

"बरं."

"टर्कीचं काळीज आणि पोटा, शिजवून बारीक चिरून. डुकराचा शिजवलेला खिमा मूठभर. कांदा चरबीत परतून. बटाटे उकडून, पण कुस्करायचे नाय, फोडी ठेवायच्या. चार उकडलेली अंडी."

"मसाला?"

"आमचा बाटलीतला. दोन चमचे. वर मिरी, जायफळ."

"मीठ?"

"एक मूठ. माझी मूठ, तुझी नाय. ताडीचा शिरका अर्धी वाटी. मनुका. पुदिना. झालं."

मी मनात हिशोब करत होते. पावाला आधीच मीठ असतं, पाणी अळणी, मूठ लहान. बरोबर वाटत होतं. पण वासात आणखी काहीतरी होतं. मनुकांपेक्षा गडद, जरासं धुरकट गोड. मघापासून तोच वास मला छळत होता.

"झालं म्हणता. मग गोडी कुठली आली?"

"मनुकांची."

"मनुकांची गोडी अशी नसते, आई."

मी अगदी ठासून बोलले. ज्या बाईनं कण चाखला नव्हता तिनं इतकं ठासून बोलू नये, पण बोलले खरी. सासूबाईंनी पदराशी चाळा केला. लावलेलं दार पुन्हा एकदा दाबून बघितलं.

"सुकेळी," त्या म्हणाल्या. "राजेळी केळी उन्हात वाळवतात ती. तीन. बारीक चिरून शिरक्यात घालून ठेवायची रात्रभर. आईनं सांगितलेली. रुफिनाला ठाऊक नाय. बावतीसला ठाऊक नाय. तुझ्या सासऱ्याला तर सांगायची सोयच नाय."

सासरे, इनास त्यांचं नाव, मागच्या पडवीत बसून टर्कीची उरलेली पिसं उपटत होते. आतलं ऐकू येऊ नये म्हणून की काय, मोठ्यानं गुणगुणत होते. म्हणजे ऐकू येत असावं.

"आता सांग," सासूबाई म्हणाल्या. "काय कमी हाय?"

इथं माझी खरी पंचाईत झाली. सगळं बरोबर आहे म्हणावं, तर कोणाला वाटेल हिनं चाखलं? ज्याला काहीच कमी वाटत नाही त्याच्या चाखण्यावर विश्वास बसत नाही. निदान एक तरी खोट काढायला हवी होती. मीठ म्हणायची हिंमत नव्हती, ते चुकलं तर सारणाचं वाटोळं. मसाल्याला नावं ठेवली तर माझं वाटोळं. मी त्यातल्या त्यात कमी धोक्याचं निवडलं.

"आंबटपणा जरा कमी वाटतो. दोन चमचे शिरका चालेल."

सासूबाईंचा चेहरा पडला असं मला वाटलं. त्यांनी शिरक्याची बाटली घेतली, माझ्याकडे पाठ केली आणि पातेल्यावर तिरकी धरली.

"बस?"

"बस."

"जा आता. ह्यांना सांग टर्की आणा. मी वास... मी बघते एकदा."

मी बाहेर आले. त्यांनी दार पुन्हा लावून घेतलं. पाच मिनिटांनी आतून आवाज आला, "झालं."

टर्कीत सारण भरलं तेव्हा त्यांनी मला पोट धरायला बोलावलं. त्या गोणपाटाच्या दाभणानं शिवायला लागल्या आणि दर शिंकेसरशी कातडं फाटायला लागलं. मी म्हटलं, "मी टाके घालू?" त्यांनी दाभण माझ्या हातात दिलं. मी अपघाताच्या वॉर्डातले टाके घातले, एकसारखे, गाठी आत.

"ही आता वाचेल काय?" सासऱ्यांनी गंभीरपणे विचारलं.

"दहा दिवसांनी टाके काढू," मी म्हटलं. सासूबाई हसल्या. खोकला आला असं दाखवलं त्यांनी, पण हसल्या.

मग केळीच्या पानात गुंडाळून, ओळखायला पायाला लाल चिंधी बांधून, सासऱ्यांनी ती टर्की सायकलच्या कॅरियरवर घातली आणि पाववाल्याच्या भट्टीवर नेऊन दिली. आळीतल्या सगळ्यांची बदकं, कोंबड्या तिथंच भाजायची असायची, आणि ज्याची त्याची चिंधी ज्याला त्याला ठाऊक असायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पाच जण जेवायला बसलो. सासूबाई, सासरे, बावतीस, मी आणि रुफिनामावशी. मावशी सत्तरीच्या, सरळ ताठ बसणाऱ्या, गळ्यात मोठा सोन्याचा क्रूस. त्यांनी सारणाचा पहिला घास तोंडात घेतला की सगळे थांबायचे, अशी रीत होती. त्यांनी घास घेतला. आम्ही थांबलो. मी तर श्वासही थांबवला, कारण ते सारण अजून कोणीच चाखलं नव्हतं, आणि हे फक्त मला ठाऊक होतं.

मावशी चावत राहिल्या. सासूबाई कोंबडीच्या वाटीतला चमचा उगाच सरळ करत होत्या.

एवढ्यात सासरे म्हणाले, "यंदा शिरका जास्त पडलाय हां, रुफिना. सगुणानं सांगितलं म्हणून."

माणूस चांगला, पण पोटात काही राहायचं नाही.

मावशींनी चमचा खाली ठेवला. "सांगितलं म्हणजे? चाखल्याशिवाय सांगितलं कसं?"

सासरे ताटात बघायला लागले.

"उर्सुला, काल या घरात सारण चाखलं गेलं?"

सासूबाईंचं तोंड पांढरंफटक पडलं. सत्तावीस वर्षांचं नाव त्या एका प्रश्नावर लटकत होतं. मावशींच्या डोळ्यांत मला दिसलं, या प्रश्नासाठीच ही बाई सत्तावीस वर्षं जेवायला येत होती. गालात घास सापडल्याचं दुःख माणूस विसरत नाही.

"मी चाखलं, मावशी," मी म्हटलं. "आई काल कणालाही शिवल्या नाहीत. त्यांना सर्दी होती, वास येत नव्हता. मी तुमच्या चर्चची नाही, मला उपासाचं बंधन नाही. म्हणून मी चाखलं."

"भर उपासाच्या दिवशी?"

"हो."

"घरातली सगळी उपाशी असताना?"

"हो. सकाळी अंडी पण खाल्ली."

बावतीसनं माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. त्याला थोडं वाईट वाटलं असावं. मला त्याच्याहून वाईट वाटलं. काल दिवसभर भुकेनं जीव कासावीस झाला होता, मिस्साला मी चक्कर येऊ नये म्हणून भिंतीला टेकून उभी होते, आणि आज सगळ्यांच्या देखत मी अंडी खाणारी आणि सारण चाखणारी ठरले. पण सासूबाईंच्या तोंडावर रंग परत आला होता, आणि ते बघून मी गप्प बसले.

मावशींनी दुसरा घास घेतला. मग तिसरा.

"आता बरोबर झालंय," त्या म्हणाल्या. "आईच्या हातचं असंच आंबट असायचं. सत्तावीस वर्षं उर्सुलाचा शिरका कमी पडत होता, मी सांगून थकले. ह्या पोरीला जीभ हाय. धर्म कुठलाही असू दे."

आणि त्यांनी स्वतःहून आणखी वाढून घेतलं. सत्तावीस वर्षांत हे कधी घडलं नव्हतं, असं सासरे नंतर महिनाभर सगळ्यांना सांगत होते.

मी पाणी आणायला आत गेले. मागोमाग सासूबाई आल्या आणि त्यांनी दार लावलं.

"टायगरला सारण आवडलं काय?" त्यांनी विचारलं.

माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. "तुम्ही बघितलंत?"

"माझं नाक बंद होतं, डोळे नाय."

"चुकलं, आई. मी..."

"अंडी कोणाला घातली ते पण बघितलं. बोंबील पण. मी आपली वाट बघत होते, ही तोंडानं सांगते काय. सांगितलं नाय."

मग एकदम ध्यानात आलं. "पण मी चाखलं नाही हे तुम्हाला दिसलं, तर मग मला कृती कशाला सांगितलीत?"

"म्हणूनच सांगितली," सासूबाई म्हणाल्या. "चाखलं असतंस तर चव तेवढी विचारली असती आणि बाहेर घालवली असती. जी चाखत नाय तिला द्यायची, असं आई सांगून गेली. मी दुसरी कोण शोधू?"

मी रडले. सांगायला लाज नाही, चांगली रडले. सासूबाईंनी आपल्याच सर्दीच्या पदरानं माझं नाक पुसलं, ते नर्स म्हणून मला मुळीच पसंत नव्हतं, पण पुसू दिलं.

"आणि तो शिरका?" मी जरा वेळानं विचारलं. "मी उगाच ठोकून दिलं होतं हो. तरी मावशींना आवडलं."

"बाटलीचं बूच कोणी काढलं होतं?"

"म्हणजे?"

"बूच न काढता तिरकी केली. तू खोटं चाखलंस, मी खोटा शिरका घातला. सारण दरवर्षीचंच हाय. तेच सोळा पाव, तीच मूठ, तीच अर्धी वाटी."

बाहेरून मावशींचा आवाज येत होता, आईच्या हातच्या आंबटपणाबद्दल त्या बावतीसला समजावून देत होत्या. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून अशा हसलो, की मला तांब्या खाली ठेवावा लागला आणि सासूबाईंना चुलीचा कट्टा धरावा लागला.

"थांबा," मी म्हटलं. "मी चाखलं नाही. नाक तुमचं बंद. मग मीठ बरोबर आहे हे कळलं कसं?"

सासूबाई हसायच्या थांबल्या. दाराला कान लावून आल्या.

"मी चाखलं," त्या म्हणाल्या.

"काल?"

"दरवर्षी. दार लावून. वासावर कोणाला मीठ कळतं, येडे? सर्दीत मीठ जिभेला कळलं, बाकीचं कळेना, म्हणून तुला बोलावली. रुफिना चाखायची, मी पण चाखायचे. तिचं चुकलं एवढंच, तिनं दार उघडं ठेवलं. दरवर्षी मिस्साच्या आधी कुमसाराला जाते आणि फादरच्या कानात एकच पाप सांगते. फादर म्हणतात, कळलं कळलं, सारण ना, आणि पुढं काय विचारतच नाय."

मी दार नीट लागलंय का ते बघून आले.

"तुझा सासरा काल टर्की द्यायला गेला तो भट्टीवर गरम पाव खाऊन आला, कॉलरवर चुरा होता. बावतीसनं स्टेशनवर वडा खाल्ला, शर्टाला वास होता. मला वास येत नव्हता तरी आला. आख्ख्या कॅथलिक घरात काल उपास एकटीचा झाला, तो तुझा. आणि मघाशी तू रुफिनापुढं उठून सांगितलंस, मी खाल्लं म्हणून." त्यांनी माझा हात धरला. "आता तुला कुमसाराला काय सांगायचं ते शिकवायला हवं."

"आमच्यात फादरकडे जावं लागत नाही, आई."

"मजा हाय तुमची," त्या म्हणाल्या. मग जरा विचार करून म्हणाल्या, "असं करू बाय. पुढच्या वर्षी तू चाख, मी उपाशी राहते. त्याच्या पुढच्या वर्षी मी चाखते, तू उपाशी राहा. वाटून घेऊ. एकीचा तरी खरा होईल."

तसंच ठरलं. विषम सालं माझी, सम सालं त्यांची. तेवीस वर्षं आम्ही दोघी दार लावून ते सारण केलं आणि बाहेर येऊन म्हटलं, "झालं." रुफिनामावशी जाईपर्यंत दर नाताळात शिरक्याबद्दल माझं कौतुक करत राहिल्या आणि शिरक्याचं माप कधी बदललं नाही.

सासूबाई जाऊनही आता बरीच वर्षं झाली. सारण मीच करते. माझं साल असलं की दार लावते, चाखते, मीठ बघते. त्यांचं साल असलं की मी उपाशी राहते आणि सारण कोणीच चाखत नाही. त्या वर्षी मीठ हमखास कमी-जास्त होतं. जेवणारे एकमेकांकडे बघतात, माझ्या सुना काही बोलत नाहीत, आणि मी दुसऱ्यांदा वाढून घेते.